दुबईत थांबा आहे? डेऱ्याच्या बाजारात केशर घेण्याआधी हे वाचा

घरच्या मोठ्यांना घेऊन युरोप-अमेरिकेला निघालेली आपल्याकडची पुष्कळ मंडळी दुबईवरून जातात. मधले सात-आठ तास विमानतळावर काढण्यापेक्षा शहरात चक्कर मारून येतात. जरूर जा. पण डेरा या दुबईच्या जुन्या भागातल्या मसाला बाजारात माझ्या आईला ज्या पद्धतीने लुबाडलं, ती पद्धत आधी समजून घ्या. पैशांपेक्षा तिच्या वयाचा आणि आमच्या घाईचा फायदा घेतला याचा मला अजून संताप आहे.

बहिणीकडे लंडनला निघालो होतो. 48 तासांचा ट्रान्झिट व्हिसा आधीच काढून ठेवला होता. टर्मिनल 3 वरूनच मेट्रो मिळते. रेड लाइनने युनियनपर्यंत गेलो आणि तिथे ग्रीन लाइन धरून अल रासला उतरलो. तिथून बाजार चालत जाण्यासारखा आहे. गल्लीत दोन्ही बाजूंना पोती उघडी मांडलेली: वेलची, दालचिनी, गुलाबकळ्या, लोबान, उन्हात वाळवून काळी पडलेली लिंबं.

एका पोत्यात नारिंगी-लाल पाकळ्या होत्या आणि वर ‘सॅफ्रन’ अशी पाटी. आईचं माहेर लातूरकडचं. तिने चिमूटभर उचलून बघितलं आणि म्हणाली, “अरे, ही तर करडई. काढणीला काटे टोचून हात सोलायचे आमचे.” दुकानदाराने ते ऐकलं. “काय ताई, कसं काय, बरं आहे ना?” त्याने चक्क मराठीत विचारलं. परदेशात अचानक आपली भाषा कानावर पडली की माणूस थांबतो, तशी आई थांबली. मग हिंदीत सुरू झालं: “माताजी को सब पता है, असली माल अंदर है.” आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि अगदी आपुलकीने विचारलं, “फ्लाइट कितने बजे है?”

केशर त्याने खरं दाखवलं. काडी पाण्यात टाकली. पाणी लगेच लाल झालं नाही, सावकाश पिवळं होत गेलं आणि काडी लालच राहिली. आईनेही एक काडी चावून बघितली. खरं केशर चवीला कडवट असतं, गोड लागलं तर संशय घ्यावा, हे तिला माहीत होतं. भाव विचारला तेव्हा हातातली छोटी प्लास्टिकची डबी पुढे करून तो म्हणाला, “सिर्फ चालीस.” आई म्हणाली, द्या एक. मग चहाच्या मसाल्याचा विषय निघाला. ती “थोडासा” म्हणाली आणि तो बोलता बोलता एकेका पोत्यातून पळीने काढून एकाच पिशवीत भरत गेला.

काट्यावर ठेवून त्याने कॅल्क्युलेटर आमच्याकडे वळवला: 670 दिरहम. चाळीस हा भाव डबीचा नव्हता, एका ग्रामचा होता! डबी 10 ग्राम भरली, म्हणजे 400. मसाला 600 ग्राम, शंभर ग्रामला 45, म्हणजे 270. हा दुसरा भाव तर तोवर उच्चारलाही नव्हता. मी नको म्हणालो तर, “सगळं एकत्र केलंय, आता हे कोणाला विकू?” दोघे पोरगे येऊन दाराशी उभे राहिले. आवाज चढला आणि मध्येच, “आपकी फ्लाइट का टाइम हो रहा है.” आई घाबरली, माझा हात धरून म्हणाली, देऊन टाक आणि चल. ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून आकडा 450 वर आला. तेव्हाच्या दराने हे दहा हजार रुपयांच्या वर झाले. कार्डाच्या मशीनवर दिरहम की रुपये असा पर्याय आला, तोही त्यानेच रुपयांचा दाबला. त्यात बँकेच्या नेहमीच्या दरापेक्षा पाचशेच्या वर रुपये जास्त गेले.

लंडनला बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर आईने ती डबी रिकामी करून तोलली. नुसती डबी झाकणासकट साडेसहा ग्राम, केशर साडेतीन. केशराच्या भावाने आम्ही प्लास्टिक विकत घेतलं होतं.

आईला माल ओळखता येत होता, तरी ती फसली. कारण लबाडी मापात होती. एक किलो केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात, ते महागच असतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. म्हणून आकडा चढला तरी गिऱ्हाईक ‘असेल बाबा’ म्हणून गप्प बसतं. जवळच्याच सोन्याच्या बाजारात 22 आणि 24 कॅरेटचा त्या दिवसाचा भाव ग्रामप्रमाणे लावलेला असतो, घासाघीस होते ती घडणावळीवर. मसाल्याच्या गल्लीत नुसता आकडा कानावर येतो आणि तो कशाचा, हे वजन झाल्यावर कळतं.

तिथे सगळेच दुकानदार असे आहेत असं मी म्हणत नाही. पण जिथे घ्याल तिथे आधी रिकामी डबी काट्यावर ठेवायला लावा आणि काटा शून्यावर आणायला सांगा. किती ग्रामचे किती दिरहम, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या, त्यानंतरच पळी पोत्यात जाऊ द्या. दोन जिन्नस एका पिशवीत घालू देऊ नका. पैसे देईपर्यंत माल त्याचाच आहे, मिसळलेला असला तरी. विमानाची वेळ मुळीच सांगू नका. कार्डाने देणार असाल तर मशीन आपल्या हातात घ्या आणि दिरहमच निवडा.

आणि बिल मागा. अमिरातीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे किंमत दिसेल अशी लावणं आणि तारखेचं बिल देणं हे दुकानदाराचं काम आहे. आम्हाला मिळाला तो नुसता आकडा लिहिलेला चिठोरा. दार अडवलं, आवाज चढवला, तर तिथल्या तिथे फोन काढून 901 लावा. तो दुबई पोलिसांचा तातडीच्या नसलेल्या कामांचा नंबर आहे. मारहाणीची भीती वाटली तर 999. दुकानाच्या पाटीचा फोटो आत जातानाच काढून ठेवा, बाहेर पडताना घाईत ते सुचत नाही.