महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: एक अभिप्राय

२०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या आणि आता प्रति कुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणाऱ्या या योजनेतून, विम्याचा हप्ता कधीच न परवडलेल्या माझ्या रिक्षाचालक मामांची अँजिओप्लास्टी विनामूल्य झाली. रुग्णालयातील आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या मदतनीसाने, केशरी शिधापत्रिका व आधार कार्ड तपासून पूर्वमंजुरीचा अर्ज तिथल्या तिथे भरून घेतला, हा फार मोठा आधार वाटला. मात्र योजना मुख्यतः दाखल रुग्णांच्या ठरावीक उपचारांपुरतीच असल्यामुळे, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च घरच्यांच्याच माथी राहतो. शिवाय आधी गेलो त्या अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयाने अनामत रक्कम मागितली, हे सर्वस्वी गैर आहे. अशा तक्रारींवर तत्काळ कारवाई व्हायला हवी.