नॅव्ह रॅम्प टेस्टर: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून झाल्यावर

नॅव्ह रॅम्प टेस्टर म्हणजे जमिनीवर उभ्या विमानाकडे नकली रेडिओ सिग्नल सोडून त्याचे नॅव्हिगेशन रिसीव्हर तपासायचं उपकरण. जुना टेस्टर ट्रॉलीवर घालून विमानापर्यंत ढकलत न्यावा लागायचा. हा नवा खांद्याला अडकवून थेट कॉकपिटमध्ये नेता येतो. आयएलएस (धावपट्टीवर उतरताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा), व्हीओआर (जमिनीवरच्या केंद्रापासूनची दिशा सांगणारी), मार्कर (धावपट्टीपासूनचे ठरावीक टप्पे कळवणारा) सगळं एकातच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातल्या बहुतेक टेस्टरना हे लागू पडेल.

खरी मजा आयएलएसला. लोकलायझर (डावं-उजवं दाखवणारा सिग्नल) १०८.१० मेगाहर्ट्झवर लावला की ग्लाइड स्लोपची (वर-खाली दाखवणाऱ्या सिग्नलची) जोडीची ३३४.७० मेगाहर्ट्झ टेस्टर आपणच धरतो. दोन्ही सिग्नलमध्ये ९० आणि १५० हर्ट्झचे दोन टोन असतात; त्यांच्या प्रमाणातला फरक म्हणजे डीडीएम. लोकलायझरला ०.१५५ डीडीएम दिला की कॉकपिटमधला डायमंड (सुईच्या जागी असलेली चौकटखूण) शेवटच्या टिंबावर जायला हवा. ग्लाइड स्लोपला ०.१७५ लागतो. पण मी सर्वात आधी करतो ती चाचणी वेगळीच: ९० किंवा १५० हर्ट्झपैकी एक टोन बंद करायचा. कॉकपिटमध्ये लगेच फ्लॅग, म्हणजे ‘सिग्नलवर विसंबू नका’ अशी खूण, आला पाहिजे. सुई चुकली तर वैमानिकाला निदान शंका तरी येते. सुई मधोमध आणि फ्लॅगही नाही, म्हणजे तो निर्धास्तपणे चुकीच्या जागी उतरायला निघाला.

व्हीओआरला मात्र वैताग आहे. ए३२० विमानाची व्हीओआर अँटेना उभ्या शेपटीच्या वरच्या टोकावर. खालून सिग्नल सोडला की हँगरच्या पत्र्यावरून आणि शेजारच्या विमानावरून परावर्तन येतं, बेअरिंग (दाखवलेली दिशा) डुलत राहतं. मग लिफ्ट मागवून वर चढा, अँटेनाला कपलर (सिग्नल थेट अँटेनात सोडणारं टोपण) लावा. टेस्टरसोबत कपलर येतोच असं नाही, हे घेण्याआधी बघा.

आणखी एक: पॉवर कमीत कमी ठेवा, चालू आयएलएसची फ्रिक्वेन्सी चुकूनही लावू नका. आपला सिग्नल उतरणारं विमानही पकडू शकतं.

टेस्टर 'ओके' म्हणाला तरी सगळं ओके नसतं. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानात पंख्याच्या ठरावीक आरपीएमला (मिनिटाला फेऱ्यांना) व्हीओआरची सुई ६ अंशांपर्यंत झुलू शकते. इंजिन बंद असताना जमिनीवर ते कुठून दिसणार? असा स्नॅग (बिघाडाची तक्रार) आला तर रिसीव्हर काढण्याआधी वैमानिकाला आरपीएम थोडा बदलून बघायला सांगा. झुलणं थांबलं, तर रिसीव्हर निर्दोष आहे. आमच्याकडे काही मंडळी तरीही आधी डबाच (रिसीव्हरच) बदलतात, ते असो.

टेस्टरची बॅटरी एक शिफ्ट आरामात चालते. भर उन्हात स्क्रीन वाचायला मात्र विमानाच्या पंखाखालची सावली शोधावी लागते. विक्रेत्याला किमतीआधी एवढं विचारा, कॅलिब्रेशन (टेस्टरच्या अचूकतेची तपासणी) भारतात होतं की बाहेर पाठवावं लागतं.