भिंतीतला फ्लश, पाण्याचे दोन मीटर आणि आईचे कान : अकरा महिन्यांचा अनुभव

यंदा गणपतीत आमच्याकडे बाप्पाच्या खालोखाल कुणाची चर्चा झाली असेल तर ती फ्लशच्या टाकीची. राग आता जरा निवलाय, म्हणून घरात पाणी वाचवायला काय काय केलं ते लिहायला बसलो.

मुलुंड पूर्व, १९८४ची सोसायटी, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. घरात मी, बायको, कॉलेजातली मुलगी आणि आई. एअरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला लावायची, पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी, आणि ड्युअल फ्लश म्हणजे कमी आणि जास्त पाण्याची दोन बटणं असलेला फ्लश, एवढं आधीच सांगून ठेवतो.

२०२४च्या मे अखेरीस ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागली, आठवत असेल. आमच्या सेक्रेटरींनी त्यात स्वतःची भर घातली आणि वॉचमन पंप अर्धा तास आधीच बंद करायला लागला. बाथरूम फोडायचं होतंच, खालच्यांच्या छताला ओल आली होती. म्हटलं, फोडतोच आहोत तर नवे पाइप पाणी वाचेल असेच घालू. त्यात बायकोचं माहेर शहापूर. तिथे मुंबईला पाणी देणारं भातसा धरण डोळ्यांसमोर आणि मे महिन्यात गावोगाव टँकर. ‘आमचं धरण तुम्ही मुंबईकर संडासात ओतता’ हे मी लग्नापासून ऐकतोय. त्यावर उत्तर नव्हतं, आता असेल असं वाटलं.

दिवाळीनंतर काम सुरू केलं. प्लंबिंगचे ६२ हजार, टाइल्स वगैरे वेगळे.

पहिलं काम केलं ते मीटरचं. मुंबईत महापालिकेचा मीटर सहसा सोसायटीला असतो, घराला नाही. आमच्याकडे बिल सगळ्या फ्लॅटमध्ये सारखं वाटलं जातं. म्हणजे मी रोज शंभर लिटर वाचवले तरी मला एक रुपया सुटत नाही, आणि पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ रविवारी पाइप लावून स्कूटर, सायकल आणि जिन्याखालचा कठडा धुतात त्याचा माझा हिस्सा मीच भरतो. असो. पण आकडा कळल्याशिवाय मला झोप येत नाही. आता आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगमध्ये घरात पाणी एका पाइपने येत नाही. गच्चीवरून वेगवेगळ्या लायनी उतरतात, स्वयंपाकघराची एक, बाथरूमची एक, आणि संडासाची तिसरी, ती तर गच्चीवरच्या वेगळ्या फ्लशिंगच्या टाकीतून. म्हणजे तीन लायनींना तीन मीटर. एक मीटर फिटिंगसकट सतराशेला पडत होता. मी दोन लावले. संडासात नवा ड्युअल फ्लश बसणारच आहे, तिथे मोजायचं काय, असा हिशेब केला. हे सतराशे रुपये लक्षात ठेवा.

काम सुरू होण्याआधी महिनाभर वही ठेवली. स्वयंपाकघर आणि बाथरूम मिळून दिवसाला सरासरी ४३० लिटर. काम झाल्यावर तीन महिन्यांची सरासरी ३००. दिवसाला १३० लिटर कमी. हे कुठून आले ते मात्र मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं निघालं.

माझा सगळा जीव होता गरम पाण्याच्या पाइपवर. आमचा जुना गीझर स्वयंपाकघराच्या माळ्यावर, तिथून भिंतीतून नऊ मीटर पाऊण इंची लोखंडी (जीआय) पाइप बाथरूमला. अशा पाइपच्या एक मीटर लांबीत साधारण ०.३७ लिटर पाणी बसतं, म्हणजे तीन-सव्वातीन लिटर गार पाणी आधी निघणार. लोखंड तापेपर्यंत आणखी. बादली लावून मोजलं तर हाताला गरम लागेपर्यंत पाच लिटर गेलेले. नवीन गीझर बाथरूमच्या दरवाजावर घेतला, दीड मीटर अर्धा इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लॅस्टिक पाइप. त्यात मावतं जेमतेम ०.२ लिटर. नळ उघडला की तीन-चार सेकंदांत गरम. पहिले पंधरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे दाखवत होतो. मेव्हण्याला तर चहा व्हायच्या आधी बाथरूममध्ये नेलं. प्लंबर म्हणाले होते, “साहेब, अर्ध्या इंचात फोर्स कमी येईल, पाऊणच घ्या.” ऐकलं नाही. एकाच शॉवरला दीड मीटर अर्धा इंच पुरतो, काही फोर्स कमी झाला नाही.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, “अरे, गार पाणी पहिल्यापासून बादलीतच पडत होतं की. वरून गरम सोडायचं नि विसण घातलं की झालं. वाया कुठे गेलं?”

मी गप्प. खरंच आहे. बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्याचं ते पाणी वाया जातच नव्हतं. आई आणि बायको बादलीवाल्या. शॉवरखाली उभे राहून ‘गरम येऊ दे’ म्हणत वाट बघणारे मी आणि मुलगी, दोघंच. म्हणजे वीस लिटर वाचतील म्हणत होतो ते दहा. तरी मी हा बदल पुन्हा करेन, कारण डिसेंबरात साडेपाचला उठणाऱ्या बायकोने या एकाच गोष्टीबद्दल मला शब्दाने नावाजलंय. पण ज्यांच्या घरी सगळेच बादलीवाले आहेत त्यांनी केवळ पाण्यासाठी भिंत फोडू नये.

मोठी बचत शॉवरची. जुन्या शॉवरखाली २० लिटरची बादली एक मिनीट पन्नास सेकंदांत भरायची, नव्याखाली दोन मिनिटं पन्नास सेकंद लागतात. मिनिटाला अकराचे सात लिटर झाले. मुलगी आत किती वेळ असते हे मी लिहीत नाही, ती हे वाचेल. पण एकट्या शॉवरचे दिवसाला सत्तर-पंचाहत्तर लिटर कमी झाले.

एअरेटरबद्दल मात्र दुकानदारांनी सरळ सांगत जावं. पाकिटावर लिहिलेले लिटर हे चांगल्या प्रेशरचे असतात. आमच्याकडे गच्चीवरची टाकी आणि तिसऱ्या मजल्यावरचा नळ यांत सहा-सात मीटरचं अंतर, म्हणजे प्रेशर फार तर ०.६ बार. तिथे मिनिटाला तीन लिटरवाला एअरेटर लावला की नळ रडतो. शिवाय कुकरमध्ये, पातेल्यात, पिंपात पाणी भरायचं तर लागायचं तेवढंच लागतं, फक्त उभं जास्त वेळ राहावं लागतं. बायकोने चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातला काढून माझ्या टेबलावर ठेवला, ओला. बेसिनचा ठेवलाय, तिथे हात धुताना फरक पडतो. सोसायटीची टाकी धुतली की दुसऱ्या दिवशी मात्र तो काढून जाळीतले गंजाचे कण झटकायचे.

आणि सगळ्यात जास्त आनंद ज्याने दिला त्याला फोडाफोडच लागली नाही. आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारं मशीन, काढून टाकलं. एक लिटर गोड पाण्यामागे आमचं मशीन जवळजवळ तीन लिटर मोरीत सोडत होतं. बारा लिटर प्यायला आणि स्वयंपाकाला म्हणजे रोज छत्तीस लिटर नाल्यात. मुंबईला तलावांचं पाणी येतं, भांडुपला शुद्ध होऊन. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, माझ्या अडीचशे रुपयांच्या मोजायच्या पेनवर ६४. यातून आणखी क्षार काढून मिळवायचं काय? साधा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा फिल्टर, लावला. टँकर किंवा बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी माझं ऐकू नका, तुमचं पाणी वेगळं.

वॉशिंग मशीनचं पाणी पिंपात साठवून संडासाला वापरायचा प्रयोगही केला. दोन आठवडे. मुंबईच्या दमट हवेत साबणाचं पाणी दुसऱ्या दिवशी घाण मारायला लागतं. आता फक्त शेवटच्या खळबळणीचं पाणी घेतो आणि त्याच दिवशी बाल्कनी धुतो.

आता फ्लश.

भिंतीतली टाकी घेतली, नावाजलेल्या कंपनीची, ३ आणि ६ लिटरची, बाहेर फक्त दोन बटणांची चकचकीत पट्टी. तिच्यासाठी संडासातली आठ इंच जागा दिली, जी मुंबईत देवघराला सुद्धा मिळत नाही. टाकीवर दहा वर्षांची वॉरंटी. जुलैपर्यंत तक्रार नाही, एवढंच की आई दोन्ही बटणं एकदम दाबते.

जुलैत आई म्हणायला लागली, “रात्री संडासात कुणीतरी शूऽ शूऽ करतं.” तिची खोली त्याच भिंतीला लागून आहे. मी म्हटलं पाऊस आहे. ती म्हणाली, पाऊस दर दहा मिनिटांनी मोजून पडतो का? मी तरी दुर्लक्ष केलं. ऑगस्टमध्ये वॉचमन सांगत आला, आपल्या विंगची फ्लशिंगची टाकी पहाटेच रिकामी होते. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तपासायची युक्ती सांगतो. बायकोच्या डब्यातला जिलबीचा रंग चिमूटभर पाण्यात कालवून पट्टीमागच्या खिडकीतून टाकीत ओतला आणि रात्री फ्लश वापरायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. पहाटे भांड्यात केशरी पाणी. धार दिसतच नाही, पोर्सिलेनला चिकटून कागदासारखा पातळ पापुद्रा उतरत असतो. मग टाकीला पाणी देणारा अँगल कॉक बंद करून घड्याळ लावलं. भरलेली टाकी चाळीस मिनिटांत सहा लिटरने उतरली. तासाला नऊ, दिवसाला २१६ लिटर. आणि पाणी खाली गेलं की गळती मंदावते, म्हणजे टाकी सतत भरत असताना खरा आकडा याहून जास्तच. इकडे मी वहीत १३० लिटर वाचवल्याचे आकडे लाल पेनने लिहितोय, तिकडे ज्या लायनीला मीटर नाही तिथून त्याच्या दीडपटीहून जास्त पाणी महिना-दीड महिना जात होतं. सतराशे रुपये!

प्लंबर कोकणातले. गणपतीला पंधरा दिवस गावी, फोन रेंजबाहेर. मग कंपनीला फोन. तीन दिवसांनी माणूस आला, व्हिजिटचे ५९० आधी घेतले, दहा मिनिटं मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, सील गेलंय, पण सील सुटं मिळत नाही, अख्खा व्हॉल्व २,८५० रुपये. वॉरंटी? “ती टाकीची आहे सर, रबराची नाही.” आता टाकी म्हणजे प्लॅस्टिकचा डबा, तो भिंतीत दहा वर्षं काय वीस वर्षं राहील. जाणार ते रबरच. वर तो म्हणाला, “तुम्ही आत सफाईची निळी वडी टाकता का? त्यानेच रबर जातं.” मी त्याला जवळजवळ हाकलला. मेलवर मेल केले, सहा. उत्तर एकच, ‘आपल्या असुविधेबद्दल खेद आहे.’ तोवर अँगल कॉक बंद ठेवून सगळं घर बादलीने फ्लश करत होतं, गौरीच्या पाहुण्यांसकट. बायकोची शहापूरची मावशी म्हणाली, “आमच्याकडे असंच असतं, नवीन काय त्यात?”

गणपती आटोपून प्लंबर आले. व्हॉल्व खिडकीतून तिरका करून बाहेर काढला, रबरी वायसर दाखवला. बोटाला काळं लागत होतं, कडा फुगून लाटेसारख्या झालेल्या. त्यांनीही पहिलं विचारलं, “वडी टाकली होती काय?” तर हो. फेब्रुवारीपासून टाकत होतो, क्लोरीनवाली, एकावर एक फुकट होती म्हणून. तेव्हा त्या माणसाची या बाबतीत माफी मागतो. सुट्या सीलच्या बाबतीत नाही, कारण लोहार चाळीच्या बाजारात तो वायसर नव्वद रुपयांना मिळाला. दोन घेतले.

कुणी विचारलं तर भिंतीतली टाकी घ्या म्हणेन का? गळती कळेपर्यंत म्हणत होतो, दोघांना घ्यायलाही लावली. आता मी बाहेरच टांगलेली साधी ड्युअल फ्लश टाकी घेईन, जिचं झाकण आईलाही उचलता येतं. ज्या दोघांना घ्यायला लावली त्यांना जिलबीच्या रंगाची पुडी नेऊन दिलीय.

तिसरा मीटर गेल्या आठवड्यात लावला. आता अठराशे झालाय. स्वस्त मीटर अगदी बारीक धारेला फिरतच नाही म्हणतात, म्हणून रंगही टाकून बघितला. रात्री अकराला आणि पहाटे साडेपाचला आकडा तोच, भांड्यात पाणी स्वच्छ.

आई मात्र म्हणते, शूऽ शूऽ अजून येतंय. काल रात्री दोनला मी तिच्या खोलीत जाऊन भिंतीला कान लावला. येतंय खरं. पण आमच्या टाकीतून नाही, वरून. चौथ्या मजल्यावर. त्यांच्याशी गेल्या वर्षी पार्किंगवरून बोलणं बंद झालंय आणि त्या पाण्याचं बिल आमच्यातही वाटलं जातंय. जिलबीचा रंग घेऊन त्यांची बेल कशी वाजवायची, याचा विचार करतोय.