ॲल्युमिनियम-पोलादाची तिहेरी जोडपट्टी: पकड पक्की, फक्त तापमान सांभाळा

पोलादी जहाजावर ॲल्युमिनियमची केबिन चढवायची तर दोन्ही धातू एकमेकांना थेट वेल्ड होत नाहीत. नटबोल्टने आवळले की फटीत खारं पाणी शिरतं आणि ॲल्युमिनियम झिजायला लागतं. स्फोटाच्या दाबाने थर जोडलेली ट्रायक्लॅड पट्टी इथे पैसा वसूल करते. खाली १९ मिमी पोलाद, मध्ये ९.५ मिमी शुद्ध ॲल्युमिनियम आणि वर ६ मिमी मॅग्नेशियम मिसळलेलं ॲल्युमिनियम. खालचं पोलाद जहाजाला वेल्ड होतं, वरचं ॲल्युमिनियम केबिनला. मधला मऊ थर हवाच, कारण मॅग्नेशियमवाला थर पोलादाला थेट नीट धरत नाही.

ताकदीचा हिशेब समजून घ्या. या प्रकारच्या पट्ट्यांसाठी अमेरिकी नौदलाचं मिल-जे-२४४४५ मानक आहे. त्यात थर उपटण्याविरुद्ध किमान ७६ मेगापास्कल ताकद मागितली आहे. वर वेल्ड होणाऱ्या केबिनच्या ५०८३ (मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या) प्लेटची ताकद २७५ मेगापास्कलच्या पुढे. म्हणून पट्टीची रुंदी प्लेटच्या जाडीच्या चौपट धरतात: ६ मिमी प्लेटला २४ मिमी पट्टी. इथे काटकसर करू नका. रुंद पट्टीत वेल्डची उष्णताही लवकर पसरते.

खरी गोम उष्णतेत आहे. जोडरेषा, म्हणजे पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे भिडतात ती रेषा, ३०० अंशांच्या वर तापत राहिली की लोह आणि ॲल्युमिनियम एकमेकांत मुरतात आणि मध्ये लोह-ॲल्युमिनाइडचा कडक, काचेसारखा ठिसूळ थर वाढतो. तो जाड झाला की पट्टी बाहेरून धडधाकट दिसते, पण हादऱ्याने थर सुटतात. पोलादाच्या सवयीने ६०० अंशांवर स्ट्रेस रिलीव्ह (वेल्डचा आतला ताण काढण्यासाठी तापवणं) केलं, तर जोड कामातून गेलाच.

म्हणून प्रीहीट, म्हणजे वेल्डआधी तापवणं, नको. वेल्डचे बारीक, सरळ रन (पट्टे) मारा, टॉर्च डावी-उजवी हलवत रुंद रन नको. एकाच जागी लागोपाठ रन न देता जागा बदलत राहा आणि पट्टीच्या कडेला, जोडरेषेवर तापमानाचा खडू (ठरलेल्या तापमानाला वितळणारा) ओढून बघा. तुकडे गॅस कटरने नव्हे, बँड-सॉने कापा. दोन पट्ट्या टोकाला टोक लावून जोडताना पोलाद पोलादाला, ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमला. जोडरेषेवरून आरपार वेल्ड नेलात तर तिथे चीर ठरलेली.

घेताना अल्ट्रासॉनिक तपासणीचा (ध्वनिलहरींनी थर सुटलेत का ते बघण्याचा) रिपोर्ट मागा. एक्झॉस्टच्या नळकांड्यालगत, जिथे सतत झळ लागते, तिथे मात्र ही पट्टी बसवू नका.