‘पटत नाही’ एवढेच कारण असताना : घटस्फोट की न्यायिक विभक्तता?

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाची पायरी चढणाऱ्या काही जोडप्यांत मारहाण नसते, व्यसन नसते, तिसरे माणूसही नसते; वर्षानुवर्षे पटलेले नसते, एवढेच. अशांना घरची वडीलधारी माणसे सुचवतात, की एकदम घटस्फोट नको, आधी कायदेशीर विभक्त व्हा, म्हणजे लग्न न मोडता न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वेगळे राहा. सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण विभक्तता सोपी असते ही त्यामागची समजूत चुकीची आहे.

हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये ‘पटत नाही’ हे कारण दोहोंपैकी कशालाच पुरत नाही. १९७६ च्या दुरुस्तीपासून कलम १० खाली विभक्तता मागणाऱ्यालाही घटस्फोटाप्रमाणेच क्रूरता, परित्याग असे काहीतरी सिद्ध करावे लागते. विवाह सावरण्यापलीकडे मोडला, या आधारावर तो संपवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालयाला आहे, असे मे २०२३ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले. कौटुंबिक न्यायालयाला तो नाही.

म्हणून दोघेही राजी असतील आणि वर्षभर वेगळे राहत असतील, तर कलम १३-ब खालील परस्पर संमतीचा घटस्फोट मला अधिक सरळ वाटतो, कारण तिथे कोणावरही दोषारोप करावा लागत नाही. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणी न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. घाई मात्र अटी लिहिताना करू नये. पोटगी, मुलांचा ताबा आणि भेटी, स्त्रीधन यांच्याइतकेच दोघांच्या नावावरील फ्लॅटचे उरलेले हप्ते कोण भरणार हेही स्पष्ट लिहावे, कारण घटस्फोट झाला तरी बँकेच्या लेखी दोघेही कर्जदारच राहतात.

विभक्ततेत एकत्र राहण्याचे बंधन सुटते, पण विवाह कायम राहतो. पुनर्विवाह करता येत नाही, वारसाहक्क टिकतो, आणि मने जुळली तर परतीची वाट मोकळी असते. लग्नाला वर्षही झालेले नसेल, तर घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नाही, विभक्ततेचा करता येतो.

मात्र नाते टिकावे म्हणून विभक्तता मागणाऱ्या स्त्रीने कलम १३(१-अ) वकिलाकडून नीट समजून घ्यावे. हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास पुन्हा सुरू झाला नाही, तर दोघांपैकी कोणीही, म्हणजे तिचा पतीही, घटस्फोट मागू शकतो. न्यायालयाने ठरवलेली पोटगी न देणाऱ्या एका पतीला सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हा लाभ नाकारला होता. पण पोटगी वेळेवर देणाऱ्या पतीला तसे अडवणे कठीण आहे.