स्टॉक फोटोचं सबस्क्रिप्शन: फोटो झकास, बिलिंग म्हणजे डोक्याला ताप

आधी चांगलं सांगून टाकते, नाहीतर लोक म्हणणार ही नुसती शिव्या घालायला बसलीये. बरेच महिने झाले एक मोठी स्टॉक इमेज सर्व्हिस (म्हणजे तयार फोटो आणि चित्रं वापरायला देणारी वेबसाइट) पैसे भरून वापरतेय, काम माझं डिझाइनचं, म्हणजे ब्रोशर, पुस्तकांची कव्हरं, वेबसाइटचे बॅनर असलं सगळं, आणि फोटोंच्या बाबतीत खरंच काही म्हणणं नाही. सर्च चांगला चालतो, रंगावरून शोधता येतं, मजकुरासाठी एक बाजू मोकळी सोडलेले फोटो वेगळे काढता येतात, वेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारं चित्र) उघडली की बहुतेक वेळा लेयर नीट लावलेले असतात. एआयने बनवलेल्या इमेजचा सध्या सुळसुळाट झालाय आणि त्यातल्या निम्म्यांचे हात बघवत नाहीत, पण त्या वगळायला फिल्टर आहे आणि तो बऱ्यापैकी काम करतो. म्हणजे माल चांगला आहे. म्हणूनच जास्त चीड येते, कारण इतका चांगला माल असताना गिऱ्हाईक अडकवून ठेवायची यांना गरज काय?

आता प्लॅनचं पान कसं असतं ते बघा. तीन पर्याय असतात. एक, महिन्याचा करार, कधीही बंद करा, सगळ्यात महाग. दोन, वर्षभराचे पैसे एकदम भरा, सगळ्यात स्वस्त. आणि तिसरा जो मधोमध असतो, ज्याच्यावर 'सर्वाधिक पसंती'चा बिल्ला असतो आणि जो पान उघडल्या उघडल्या आपोआप निवडलेला असतो, तो म्हणजे करार वर्षाचा पण पैसे महिन्याला. मोठ्या ठळक अक्षरात महिन्याची रक्कम, त्याच्यापुढे 'दरमहा', आणि खाली फिकट राखाडी रंगात एवढुश्या अक्षरात वर्षाच्या कराराची ओळ. मुदतीआधी बंद केला तर दंड लागेल हे त्या पानावर कुठेच लिहिलेलं नाही, ते माहितीच्या एका छोट्या 'i' चिन्हावर माऊस नेला की दिसतं. मोबाईलवर माऊस कुठून आणायचा? पेमेंटच्या पानावर सुद्धा फक्त 'आज भरायची रक्कम' दिसते, वर्षाची एकूण रक्कम कुठेच नाही. मी रोज आठ-नऊ पॉइंटचा टाइप लावणारी बाई आहे, राखाडीवर राखाडी अक्षर कोण आणि कशासाठी ठेवतं हे मला कुणी समजावून सांगायला नको. ते न वाचलं जाण्यासाठीच ठेवलेलं असतं.

फ्री ट्रायलचं तर विचारूच नका. काही फोटो फुकट म्हणून कार्डाचा नंबर घेतात आणि ट्रायलची मुदत संपली की सरळ तो मधला वर्षाचा प्लॅनच चालू होतो, महिन्याचा नाही. ट्रायल संपतेय म्हणून जो मेल येतो त्याचा विषय असतो 'तुमच्यासाठी नवीन कलेक्शन तयार आहे', आणि कार्डातून पैसे कधी कापणार ती तारीख आत फोटोंच्या पाच रांगांच्या खाली.

आता बंद करायचं म्हटलं की काय होतं ते जरा सविस्तर सांगते कारण खरी कारागिरी इथेच आहे. अकाउंटमध्ये 'प्लॅन रद्द करा' असं बटणच नाही. 'प्लॅन मॅनेज करा' मध्ये जायचं, तिथे 'प्लॅन बदला' हे मोठं निळं बटण, आणि त्याच्या खाली बटणासारखी न दिसणारी एक साधी ओळ, तीवर क्लिक करायचं. मग पासवर्ड परत मागतात. मग कारण विचारतात, कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग 'तुम्ही काय काय गमावणार' त्याची यादी, त्यात तुमचेच सेव्ह केलेले फोटो तुम्हालाच दाखवतात. मग ऑफर, की थांबलात तर पुढचा एक महिना फुकट. आणि ही ऑफर सगळ्यात डेंजर आहे बरं का, कारण तो फुकटचा महिना कराराच्या शेवटी जोडला जातो, म्हणजे सुटकेची तारीख अजून एक महिना पुढे जाते, आमच्या टीममधल्या एकाने ती खुशीत घेतली आणि नंतर बसला तारखा मोजत. हे सगळं ओलांडलं की शेवटच्या पानावर पहिल्यांदा दंडाचा आकडा दिसतो, उरलेल्या महिन्यांच्या हप्त्यांच्या निम्मे. तिथे 'प्लॅन चालू ठेवा' परत निळ्या बटणात आणि 'रद्द करण्यास पुढे जा' परत राखाडी ओळीत. ती ओळ दाबली की वाटतं झालं एकदाचं, पण नाही, अजून एक 'पक्कं करा' असतं आणि ते न दाबता टॅब बंद केला तर काहीच रद्द होत नाही, पुढच्या महिन्यात पैसे परत कापले जातात.

चॅटवर बोलून बघितलं. तिथला माणूस गोड बोलतो, तुमची अडचण समजते म्हणतो, मॅनेजरला विचारून सांगतो म्हणतो आणि शेवटी अटींचा तोच परिच्छेद चिकटवतो. मी म्हटलं दंडाचं पेमेंटच्या पानावर कुठे लिहिलंय ते दाखवा, तर मला अटींच्या पानाची लिंक दिली. पेमेंटचं पान विचारलं होतं हो, अटींचं नाही! तेवढ्यात चॅट 'निष्क्रियतेमुळे' बंद. त्या माणसावर राग नाही माझा, त्याच्या हातात काही नसतं, पण चॅटची कॉपी मेलवर पाठवा असा पर्याय असतो तो दाबायला विसरू नका, नंतर उपयोग होतो.

हे फक्त माझ्या सर्व्हिसचं रडगाणं नाहीये. जून २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) सांगण्यावरून अ‍ॅडोबीवर केस टाकली (फोटोशॉपवाली कंपनी, त्यांचं अ‍ॅडोबी स्टॉक म्हणजे पण स्टॉक फोटोच की), आणि त्या केसमधले आरोप वाचले तर वाटेल माझ्याच स्क्रीनचं वर्णन चाललंय: वर्षाचा करार पण पैसे महिन्याला हा प्लॅन आधीच निवडून ठेवलेला, पहिल्या वर्षात सोडला तर उरलेल्या हप्त्यांच्या ५० टक्के दंड, आणि ती माहिती लिंकच्या नाहीतर छोट्या चिन्हाच्या मागे. केस ज्या कायद्याखाली टाकली तो २०१० चा, आणि तो मागतो तरी काय, तर अटी पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगा, गिऱ्हाईकाची उघड संमती घ्या आणि बंद करायचा सोपा मार्ग द्या. ॲमेझॉन प्राइमवरही तसलीच केस होती, बंद करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय होते असं कमिशनचं म्हणणं, ती सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर मिटली. 'जितक्या सहज घेता येतं तितक्याच सहज बंद करता आलं पाहिजे' असा एक नियमही कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढला होता पण जुलै २०२५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने तो उडवला, नियम करताना ठरलेली पद्धत पाळली नाही म्हणून. जर्मनीत मात्र १ जुलै २०२२ पासून वेबसाइटवर सहज दिसणारं रद्द करायचं बटण ठेवणं सक्तीचं आहे. म्हणजे बटण लावता येत नाही अशातला भाग नाही, कायद्याने कान धरला की बरोबर लावतात.

काही जण सांगतात की कार्डच काढून टाक. नाही काढता येत, प्लॅन चालू असेपर्यंत फक्त दुसरं कार्ड टाकता येतं. कार्ड ब्लॉक करून नवीन घेतलं तरी सुटका होईलच असं नाही, कारण व्हिसा आणि मास्टरकार्डची अशी सोय आहे की बँक त्यात सहभागी असेल तर नवीन कार्डाचा नंबर नेहमीच्या वसुलीवाल्यांना आपोआप कळतो. आणि पैसे थांबले तरी करार थांबत नाही, ते थकबाकी म्हणून मागत राहतात. बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागवता येतात पण तिथे आमच्या धंद्यात एक वेगळीच मेख आहे, परत गेलेल्या पेमेंटमधून डाउनलोड केलेल्या फोटोंचं लायसन्स (म्हणजे ते वापरायचा परवाना) रद्द समजलं जाईल असं यांच्या अटींमध्ये लिहिलेलं आहे. छापून गेलेल्या कव्हरवरच्या फोटोचं लायसन्स गेलं तर क्लायंटला काय तोंड दाखवणार? बाकी कुठल्या व्हिडिओच्या सबस्क्रिप्शनला ही भीती नसते, इथे असते, आणि कंपनीला ते पक्कं माहीत असतं.

छोट्या कटकटी पण आहेत, पटापट सांगते. महिन्याला जितके फोटो घेता येतात त्यातला न वापरलेला कोटा काही दिवसच पुढे सरकतो, प्लॅन बंद केला की सगळा बुडाला. सर्चमध्ये प्लॅनमधले आणि प्लॅनबाहेरचे महागडे फोटो एकत्रच दिसतात, क्लायंटला नमुना दाखवून त्याने पसंत केल्यावर कळतं की ह्याचे वेगळे पैसे. साध्या लायसन्समध्ये पाच लाख प्रतींपर्यंत छापता येतं, ते बहुतेकांना पुरतं, पण टी-शर्ट, कॉफीचे मग असल्या विकायच्या वस्तूवर फोटो टाकायचा असेल तर वाढीव लायसन्स लागतं आणि त्याची किंमत प्लॅनच्या पानावर नसते.

फुकटच्या साइट आहेत की, अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे, मी त्याही वापरते. पण अनस्प्लॅश २०२१ पासून गेटी या फोटो विकणाऱ्या मोठ्या कंपनीच्या मालकीची आहे आणि तिथे सर्च केलं की वरच गेटीच्याच आयस्टॉक साइटचे विकतचे फोटो मांडलेले असतात, शिवाय फोटोतल्या माणसाची परवानगी घेतलेली आहे याची खात्री तिथे कुणी देत नाही, जाहिरातीच्या कामाला ते चालत नाही. त्यामुळे विकतचं घ्यावंच लागतं.

कुणाला घ्यायचंच असेल तर महागातला महिन्याचा करार घ्या, काम झालं की त्याच दिवशी ऑटो-रिन्यू (मुदत संपली की प्लॅन आपोआप पुढे चालू होणं) बंद करा, मुदत संपेपर्यंत वापरता येतं. वर्षभराचं काम पक्कं असेल तर वर्षाचे पैसे एकदम भरा, निदान किती गेले ते एकदाच कळतं. मधल्या पर्यायाला हात लावू नका, बिल्ला कितीही चमकू दे. पेमेंट करताना पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारखेसकट. प्रत्येक फोटोबरोबर लायसन्सची पावती डाउनलोड करून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा, कारण सोडून गेल्यावर आधी घेतलेल्या फोटोंचं लायसन्स टिकतं, पण अकाउंटमध्ये जाऊन पावती शोधता येईलच असं नाही.

फोटोंना पाचपैकी साडेचार, बिलिंगला एक, तोही चॅटवरच्या बिचाऱ्या पोरासाठी. दंड भरण्यापेक्षा उरलेले हप्ते भरून फोटो उपसून घेणं परवडतं असा हिशेब निघाला, म्हणून ऑटो-रिन्यू बंद करून ठेवलंय आणि रोज थोडे थोडे टेक्स्चर आणि बॅकग्राउंड डाउनलोड करतेय. ऑटो-रिन्यू बंद केल्याचा मेल आलाय, पण अकाउंटच्या पानावर 'पुढील नूतनीकरण' म्हणून तारीख अजून तशीच दिसतेय, परत चॅटवर विचारलंय, उत्तर आलं की इथे टाकते.