वेल्समधलं कॉटेज, जे तिथे नव्हतंच

बेथगेलर्ट गावाजवळ दगडी कॉटेज, तीन बेडरूम, खिडकीतून समुद्र, ऑगस्टमधला पूर्ण आठवडा आणि भाडं फक्त 420 पौंड. समाजमाध्यमावरच्या भटकंतीच्या ग्रुपवर ही जाहिरात पाहून लंडनजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबानं बुकिंग केलं. पुण्याहून आई-वडील येणार होते, मुलाला सुट्टी होती, यर विद्वा (स्नोडन), म्हणजे वेल्समधला सगळ्यात उंच डोंगर, पाहायचा होता. शेवटी 420 च्या जागी 965 पौंड 50 पेन्स गेले आणि दिलेल्या पत्त्यावर मेंढ्यांचं कुरण निघालं. नाव-गाव बाजूला ठेवून त्यांचे पैसे कोणत्या क्रमानं गेले ते इथे देत आहोत. वेल्सच्या सहलींत हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो.

आधी जाहिरातीखालून बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर नेलं गेलं. कारण पटण्यासारखं होतं: एजन्सीला कमिशन द्यावं लागत नाही, म्हणून स्वस्त देतो. इथेच संशय यायला हवा होता. ऑगस्ट म्हणजे ब्रिटनमधल्या शाळांची मोठी सुट्टी. बेथगेलर्ट ज्यात येतं त्या एरिरी (स्नोडोनिया) राष्ट्रीय उद्यानातली चांगली घरं तेव्हा कित्येक महिने आधी भरतात, त्यामुळे कमिशन वाचलं तरी कुणी भाडं निम्म्यावर आणत नाही. मग घाई सुरू झाली. दुसरं कुटुंब विचारतंय, आज रात्री 120 पौंड आले तरच घर तुमचं. पैसे पाठवताना बँकेच्या ॲपनं इशारा दिला की खात्याचं नाव आणि तुम्ही टाकलेलं नाव जुळत नाही. मालकाचं उत्तर तयार होतं, खातं बहिणीचं आहे. ब्रिटनमध्ये बँक ही नावाची पडताळणी करते ती नेमकी अशा वेळेसाठी. नाव जुळत नसेल तर कितीही पटणारं कारण ऐकलं तरी पैसे पाठवू नयेत. ठगाला खोटं ओळखपत्र बनवता येतं, पण बँकेतल्या खात्यावरचं नाव त्याच्या हातात नसतं.

त्यानंतर विश्वास बसावा म्हणून वेल्सच्या झेंड्यावरचा लाल ड्रॅगन छापलेलं, इंग्रजी आणि वेल्श अशा दोन्ही भाषांतलं करारपत्र आलं. सोबत वेबसाइटचा पत्ता होता, शेवटी डॉट वेल्स. कुटुंबानं ती सरकारी खूण समजून उरलेले 300 पौंड पाठवले. पण डॉट वेल्स आणि डॉट कमरी ही दोन्ही डोमेनं 2015 पासून सर्वांना खुली आहेत, पैसे भरून कुणीही घेऊ शकतं. वेल्स सरकारचा पत्ता गव्ह डॉट वेल्सवर संपतो. किल्ले आणि वारसास्थळं सांभाळणाऱ्या 'कादू' या सरकारी विभागाची साइटही त्याच्याच पोटात आहे. डोमेन कधी नोंदलं गेलं ते 'हू इज' शोधात फुकट दिसतं. तीन पिढ्यांचा व्यवसाय म्हणवणाऱ्याची साइट तीन आठवड्यांपूर्वी नोंदलेली असेल तर तिथेच थांबावं.

मग मोडतोडीपोटी परतीची अनामत म्हणून 500 पौंड मागितले. आधीचे 420 अडकलेले असल्यामुळे माणूस इथे नाही म्हणू शकत नाही, आणि ठगाला ते पक्कं ठाऊक असतं. शेवटची मागणी सगळ्यात हुशारीची होती: पर्यटक कर, माणशी रात्रीला 1.30 पौंड, पाच माणसं, सात रात्री, एकूण 45.50. आकडा खरा आहे. वेल्सच्या संसदेनं 2025 मध्ये केलेल्या कायद्यात हॉटेल आणि कॉटेजसाठी हाच दर आहे. पण हा कर लावायचा की नाही ते प्रत्येक स्थानिक कौन्सिल ठरवते, 2027 च्या आधी तो कुठेच लागू होऊ शकत नाही, आणि तो सरकारकडे भरण्याची जबाबदारी घरमालकाची असते. प्रवासाच्या दोन दिवस आधी पाहुण्याच्या खात्यातून तो वेगळा मागणं म्हणजे खऱ्या बातमीचा आधार घेऊन केलेली लूट. हे पैसे पोचले आणि मालकाचा फोन बंद झाला.

हे सगळं फोटोंतूनच ओळखता आलं असतं. बेथगेलर्ट हे कॉल्विन आणि ग्लासलिन नद्यांच्या संगमावरचं, डोंगरांच्या कुशीतलं गाव. पोर्थमॅडॉगचा किनारा तिथून सुमारे 13 किलोमीटर दूर आहे, त्यामुळे तिथल्या खिडकीतून समुद्र दिसत नाही. दुसऱ्या फोटोत छत गवताचं आणि भिंती मधाच्या रंगाच्या होत्या. एरिरीच्या घरांवर निळसर-करड्या स्लेटची छपरं असतात, भिंती गडद दगडाच्या किंवा चुन्यानं पांढऱ्या केलेल्या. तसलं गवती छत आणि पिवळट दगड इंग्लंडच्या दक्षिण भागातला. घर ज्या गावात आहे म्हणतात त्या गावाचा नकाशा आणि रस्त्यावरची दृश्यं पाच मिनिटं पाहिली तरी अशी विसंगती सापडते.

जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधताना लोक पूर्ण फोटो टाकतात आणि काही सापडलं नाही की निश्चिंत होतात. ठग मात्र फोटो आरशासारखा उलटवून, कडा कापून वापरतात. म्हणून फोटोतला न बदलणारा भाग, म्हणजे शेकोटी, जिना किंवा खिडकीची चौकट, तेवढाच कापून शोधा. मग तोच तुकडा आडवा उलटवून पुन्हा शोधा. जाहिरातीतल्या मूळ फोटोतच पुस्तकांच्या पाठीवरची किंवा भिंतीवरच्या फलकावरची अक्षरं उलटी दिसली तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष व्हिडिओ कॉल मागा. घरातून बाहेर पडून रस्त्यावरच्या पाटीपर्यंत कॅमेरा न थांबवता चालत जायला सांगा. वेल्समधल्या रस्त्यांवरच्या पाट्या वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतात, आणि बेथगेलर्ट ज्यात येतं त्या ग्विनेथ भागात वेल्श वर असते. तिथे राहणाऱ्यालाच सांगता येतील असे प्रश्नही विचारा. घर गरम करायला पाइपचा गॅस आहे की तेलाची टाकी? सांडपाणी गटारात जातं की सेप्टिक टँकमध्ये? समोरून ट्रॅक्टर आला तर गाडी कुठे बाजूला घ्यायची? खेड्यातल्या मालकाला या प्रश्नांचं नवल वाटत नाही, कारण नेहमीचे पाहुणेही हेच विचारतात.

रचलेल्या गोष्टीनं प्रवाशांना ओढण्याची एक जुनी खूण बेथगेलर्टमध्येच आहे. गावाबाहेर गेलर्ट नावाच्या कुत्र्याची कबर दाखवतात. राजपुत्र लेवेलिननं बाळाच्या पाळण्याजवळ रक्तानं माखलेला कुत्रा पाहिला, त्यानंच बाळाला मारलं असं समजून त्याला ठार केलं आणि मग कळलं की कुत्र्यानं लांडग्यापासून बाळाला वाचवलं होतं. मुंगूस आणि सापाची जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो तीच ही. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या एका खाणावळवाल्यानं प्रवासी यावेत म्हणून ही कबर रचली असं मानलं जातं. गोष्ट सुंदर आहे, जागा जरूर पाहावी. नदीकाठानं चालत जाता येतं आणि तिकीट लागत नाही.

तिकिटाचा विषय निघालाच आहे, तर कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स या लोकजीवनाच्या संग्रहालयाचं सांगायला हवं. तिथे प्रवेश मोफत आहे, पैसे घेतात ते गाडी लावण्याचे. जी साइट त्याचं 'प्रवेश तिकीट' विकते ती फुकटची वस्तू विकते आहे. कार्नार्व्हन, कॉन्वी, हार्लेख आणि बोमारिस या जागतिक वारसा यादीतल्या किल्ल्यांना मात्र तिकीट आहे, ते कादूच्या साइटवर किंवा दारातच घ्यावं. लानबेरिसहून यर विद्वाच्या शिखराकडे जाणाऱ्या 1896 च्या डोंगरी रेल्वेची तिकिटं उन्हाळ्यात संपतात, आणि मग 'रद्द झालेली तिकिटं' विकणारे उगवतात. वारा जोराचा असेल तर गाडी शिखरापर्यंत जात नाही, अलीकडेच थांबते. अशा वेळी पैशांचं काय करायचं ते रेल्वे फक्त स्वतः विकलेल्या तिकिटाबाबत बोलते. कार्डिफच्या सोफिया गार्डन्सवर भारताचा सामना असला की हाच बाजार क्रिकेटच्या तिकिटांचा भरतो.

मोबाईलवर येणारे मेसेज वेगळे. इंग्लंड आणि वेल्सला जोडणाऱ्या सेव्हर्न पुलाचा टोल भरला नाही म्हणून दंड भरा, असा मेसेज आला तर तो खोटाच. दोन्ही सेव्हर्न पुलांवरचा टोल 17 डिसेंबर 2018 ला कायमचा बंद झाला. वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर 17 सप्टेंबर 2023 पासून ताशी 20 मैलांची मर्यादा आहे आणि त्या दंडाचेही खोटे मेसेज फिरतात. खरी नोटीस गाडीच्या नोंदणीकृत मालकाला टपालानं जाते. गाडी भाड्याची असेल तर ती आधी भाडे कंपनीकडे जाते आणि कंपनी तुम्हाला कळवते. लिंकवर दाबून 'आजच भरा, निम्मा दंड' असं कुठलंही पोलीस दल सांगत नाही. किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये यंत्रावर चिकटवलेला क्यूआर कोड नखानं कडेला उचलून पाहा. खाली दुसरा कोड दिसला तर नाणी किंवा कार्ड वापरा, नाहीतर ॲप आधी स्वतः उतरवून घ्या आणि फलकावरचा जागेचा क्रमांक हातानं टाका. शिखराच्या पायथ्याच्या पेन-इ-पास पार्किंगला मोसमात आधी बुकिंग लागतं. तिथे ऐनवेळी जागा देतो म्हणून रोख मागणाऱ्याकडे द्यायला जागा नसते.

व्हिसाबद्दल थोडक्यात. इंग्लंडमधून वेल्समध्ये जायला कुठलाही वेगळा कागद लागत नाही. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा लागतो, ईटीए (व्हिसा न लागणाऱ्यांनी आधी ऑनलाइन घ्यायची प्रवास-परवानगी) चालत नाही, तरी काही साइट भारतीयांना ईटीए विकतात. अमेरिका, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असलेल्या मराठी माणसाला मात्र ईटीए लागतं. त्याचं शुल्क 9 एप्रिल 2025 ला 16 पौंड झालं. भरण्याच्या दिवशीचा दर गव्ह डॉट यूकेवर किंवा सरकारी ॲपवर पाहावा. शोधात सगळ्यात वर 'प्रायोजित' म्हणून येणाऱ्या साइट याच कामाचे कित्येक पट घेतात.

आता वस्तू. वेल्सची लव्हस्पून, म्हणजे प्रियेला द्यायचा कोरीव लाकडी चमचा, लग्नात भेट द्यायला अनेकजण मागवतात. तारीख कोरलेला सगळ्यात जुना ज्ञात वेल्श चमचा 1667 चा आहे, तो सेंट फॅगन्सच्या संग्रहात आहे. खरा चमचा एकाच लाकडातून कोरतात, बहुधा सिकॅमोर किंवा लाइमच्या. सिकॅमोर फिकट, बारीक पोताचं लाकूड आहे आणि अन्नाला त्याची चव लागत नाही, म्हणून दुधाची भांडीही त्याचीच करत. बनावट चमचे दोन प्रकारचे येतात. एक लेझरनं कापलेला: कडा काटकोनी आणि तपकिरी जळक्या, बाजूनं पाहिलं तर प्लायचे थर, चमच्याची वाटी जवळजवळ सपाट. दुसरा साच्यातल्या रेझिनचा: कडेनं बारीक जोडरेषा आणि दोन वेगवेगळ्या चमच्यांवर तंतोतंत तेच रेषांचं चित्र. दांड्यातल्या पिंजऱ्यात खुळखुळणारी गोळी ही कोरणाऱ्याच्या हाताची परीक्षा असते. ती बाहेरून आत घातलेली नसते, त्याच लाकडात आतल्या आत सोडवलेली असते. पिंजऱ्याच्या एखाद्या सळीला गोंदाची रेष दिसली किंवा गोळीचा पोत वेगळा वाटला तर गोळी नंतर बसवलेली आहे. ऑनलाइन घेताना मागच्या बाजूचा आणि वाटीचा जवळून काढलेला फोटो मागा. हातकामाच्या वाटीवर सुरीचे छोटे पैलू दिसतात. लाकूड कुठलं आणि कोरलं कुणी, हे दोन प्रश्नही विचारा. कारागीर दोन्हींची उत्तरं आनंदानं देतो.

लोकरीच्या वेल्श टॅपेस्ट्री ब्लँकेटची, म्हणजे कार्थेनची, नक्कल आणखी सर्रास होते. हे दुहेरी विणकाम असतं. दोन थर एकाच मागावर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीचा रंग जिथे बदलतो तिथे एकमेकांत गुंततात. त्यामुळे पुढे लाल असलेला चौकोन मागे हिरवा आणि हिरवा तिथे लाल दिसतो, आणि मोठ्या चौकोनाच्या मध्यावर दोन्ही थर चिमटीत धरून वेगळे करता येतात. छापील पॉलिस्टरची मागची बाजू फिकी असते आणि थर वेगळे होत नाहीत. विक्रेत्याकडून याच दोन गोष्टींचा फोटो मागा. ब्लँकेट हातात आल्यावर शंका राहिली तर दशीतला एक धागा चिमट्यात धरून पेटवा. लोकर सावकाश जळते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. वर्णनातल्या शब्दांकडेही नीट पाहा. 'वेल्श डिझाइन' म्हणजे वेल्समध्ये विणलेलं असं नाही.

वेल्श सोन्याबद्दल एवढंच की ब्रिटिश हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, ते कुठल्या खाणीतून आलं ते सांगत नाही. हॉलमार्क दाखवून मूळ सिद्ध करणाऱ्याला वेगळं लेखी प्रमाणपत्र मागा.

पैसे गेलेच, तर पहिल्या तासात बँक. ब्रिटनमध्ये 159 वर फोन केला की बहुतेक मोठ्या बँकांशी थेट जोडून देतात. ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये, स्वतःच्या हातानं ठगाच्या खात्यात पाठवलेले पैसे 7 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमानुसार बँकेला सहसा पाच कामकाजाच्या दिवसांत परत करावे लागतात. मर्यादा 85,000 पौंड आहे, बँक त्यातून 100 पौंडांपर्यंत कापू शकते आणि दावा शेवटचे पैसे पाठवल्यापासून 13 महिन्यांत करावा लागतो. या कुटुंबाचा दावा याच नियमाखाली आहे. परदेशात किंवा परदेशातून पाठवलेल्या पैशांना हा नियम लागू नाही, म्हणून पुण्यातल्या खात्यातून थेट वेल्सच्या खात्यात भाडं पाठवणं सगळ्यात धोक्याचं. ब्रिटिश क्रेडिट कार्डानं थेट मालकाला पैसे दिले असतील आणि किंमत 100 ते 30,000 पौंडांच्या दरम्यान असेल, तर 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम 75 खाली कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. भारतीय कार्ड असेल तर सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत फिरवण्याचा, अर्ज लगेच करा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये फसवणुकीची नोंद 0300 123 2040 वर होते, खोटे एसएमएस 7726 वर पुढे पाठवावेत. पैसे भारतातून गेले असतील तर 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसण्याआधी ते संपूर्ण निर्यात करून ठेवा. खात्याचा क्रमांक, जाहिरातीची लिंक आणि बँकेनं दाखवलेला नाव न जुळल्याचा इशारा, हे तिन्ही तक्रारीला जोडा. तक्रारीनंतर काही दिवसांत 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' असा फोन येतो. तोही त्याच टोळीचा असू शकतो, कारण फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. बँक किंवा पोलीस पैसे परत करण्यासाठी कधीच फी घेत नाहीत.